वाचणारीने हात लावायचा नसतो

तात्या,

तुमच्या दहाव्याला तुमच्या गावच्या माणसांनी मला पेपरवाली समजलं. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, कुणीतरी पाण्याचा तांब्या, आणि एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुटल्या पेपरात येणार हाय, बाई?" मी म्हटलं, मी पेपरात नाही, मी तात्यांच्याबरोबर काम करायचे. "असं व्हय," म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. तिकडे फुला बसली होती. खाली, बायकांत, काकूंच्या मांडीला मांडी लावून. तिला कुणी खुर्ची दिली नाही. तू कोण, असंही कुणी विचारलं नाही. मी माझ्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसले होते आणि जळत होते.

हे लिहिणं शोभत नाही. गेलेल्या माणसाशी बोलताना आधी रडावं, मग त्याचे गुण गावेत, अशी रीत आहे. पण मला सवय पत्रकांची. पहिल्या चार ओळींत मुद्दा आला नाही तर माणूस त्या कागदात शेंगदाण्याची टरफलं टाकतो. तेव्हा मुद्दा असा : मी तुमच्यावर चिडले आहे, फुलावर जळते आहे, आणि तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं ते परत घ्यायचं राहून गेलं. ज्या पत्रकाबद्दल ते खोटं होतं त्याचे काही कागद अजून कुणाकुणाच्या पिशवीत आहेत. आणि दिवाळी झाली, तात्या. मेंढरं पुन्हा त्याच वाटेने निघायची वेळ आली.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी तीन ओळी लिहिते, जन्मगाव-शिक्षण-सेवा असला साचा लावत नाही. तात्या हवाई दलात होते. लढाऊ विमानांवर बॉम्ब चढवणं आणि त्यांत फ्यूज बसवणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते सोलापुरात राहायला आले, पण त्यांचं सगळं गणगोत सांगोल्याच्या पलीकडच्या माळावर, मेंढरांमागे. ही माणसं दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून टेंभुर्णी, करमाळा करत वर सरकतात. वरच्या अंगाला विमानांचं सराव-मैदान आहे. तिथे गवत चांगलं, कारण कुणी शिरत नाही. आणि कुणी शिरत नाही, कारण तिथे न फुटलेले बॉम्ब पडलेले असतात. त्या मैदानाच्या कडेला एक बोर्ड आहे. इंग्रजीत, गंजलेला, बाभळीच्या आड. तो मेंढरांनी वाचावा अशी अपेक्षा असावी. त्या बोर्डावरूनच आमची मोहीम सुरू झाली. मी मोहिमेची पत्रकं लिहिते. फुला तात्यांच्या भावकीतली, सातवीनंतर शाळा सुटलेली, माझ्याच वयाची. काकू म्हणजे तात्यांच्या पत्नी.

झाल्या ओळी. आता आपण दोघंच.

तुम्ही पहिल्यांदा सात रस्त्यावरच्या मोहिमेच्या खोलीचा जिना चढून आलात तेव्हा तुमच्या हातात आमचं पत्रक होतं, आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. मला वाटलं, सही करायला आलेत. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"ह्यात 'जाहीर निषेध' सहा वेळा हाय. 'हात लावू नका' एकदाच, आणि ते बी शेवटी, बारीक अक्षरात."

"निषेध महत्त्वाचा नाही का?"

"हाय की. पण निषेध वाचेपर्यंत माणूस जिवंत राहिला पायजे."

खोलीतले सगळे हसले. मी हसले नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला 'पत्रकबाई' म्हणायला लागलात आणि मी प्रत्येक मजकूर तुम्हाला दाखवायला लागले. तुम्ही विशेषणं खोडायचा. "तीव्र काढा. ज्वलंत तर काढाच, बॉम्बच्या कागदावर ज्वलंत नको." माझं लिहिणं तुम्ही अर्धं केलंत आणि ते दुप्पट लोकांनी वाचलं. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. पण आभार मानतानाही पोटात दुखतं, कारण मला माहीत आहे की माझी जी वाक्यं लोकांच्या तोंडी बसली ती सगळी तुमची होती.

फ्यूज म्हणजे काय, हे तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात शिकवलंत. काकू भाकरी थापत होत्या. तुम्ही दोन वाट्या घेतल्यात आणि पाठीला पाठ लावून ओट्यावर ठेवल्यात.

"बॉम्ब म्हंजे झोपाळू जनावर. त्याला उठवायचं काम फ्यूजचं. आन् त्याला वेळेआधी उठू न देण्याचं काम बी फ्यूजचंच. लोकांना पयलंच काम ठाऊक असतं. आमची सगळी अक्कल दुसऱ्या कामात."

मग तुम्ही सांगितलंत. बॉम्ब विमानाला लटकवला तरी झोपलेला हवा. विमान धावपट्टीवर घसरलं, बॉम्ब खाली आदळला, तरी झोपलेला हवा. म्हणून फ्यूजच्या आत पेट घेणारी वस्तू आणि पेट देणारी वस्तू अशा एकमेकींकडे पाठ करून ठेवलेल्या असतात. जमिनीवर असेपर्यंत वरून एक कडी अडकवलेली, कडीला लाल फीत. विमान उडायच्या आधी कडी काढायची. तरीही एक तार राहते, विमानाला बांधलेली. बॉम्ब सुटला की तार विमानाबरोबर राहते, फ्यूज मोकळा होतो. मग तोंडावरचा छोटा पंखा वाऱ्याने फिरायला लागतो, फिरता फिरता आतल्या वस्तू वळवत नेतो. तुम्ही वाट्या हळूहळू फिरवल्यात. समोरासमोर आल्या.

"तोवर विमान लांब गेलेलं असतं. आता खाली आदळला की उठणार."

"आणि नाही उठला तर?"

तुम्ही वाट्या अर्ध्या वळलेल्या सोडल्यात आणि वर एक टोपलं पालथं घातलंत. "आता सांगा. पाठ हाय का तोंड?"

"नाही सांगता येत."

"मलाबी न्हाय सांगता येत," तुम्ही म्हणालात. "आयुष्य ह्यात गेलं, तरी न्हाय."

काकू म्हणाल्या, "टोपलं द्या हिकडं, भाकरी ठेवायचीय."

त्याच दिवशी मी विचारलं. विचारायला नको होतं असं अजूनही वाटत नाही. "तात्या, एवढी कुलपं, एवढ्या कड्या. विमान सुरक्षित, पायलट सुरक्षित, तुम्ही सुरक्षित. खाली जो उभा आहे त्याच्यासाठी कुठली कडी?"

तुम्ही दोन्ही वाट्या एकात एक ठेवल्यात. मग म्हणालात, "मी कडी काढून पायलटला दाखवायचो. हातात वर धरून, फिती मोजून. तो मान हलवायचा. मग विमान जायचं. फुडलं मी बघितलं न्हाय."

"बघितलं नाही की बघायचं नव्हतं?"

काकूंनी तवा जोरात आपटला. मी उठून आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही खोलीवर कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा पाठवलात, चिठ्ठी नाही, काही नाही. ते उत्तर होतं की उत्तर टाळणं होतं, आपण पुन्हा त्यावर बोललो नाही. माझा प्रश्न मी मागे घेत नाही, तात्या. पण तो मी ज्या आवाजात विचारला तो आवाज मागे घेते. सराव-मैदानावर पायपीट करणारा तुमच्या वयाचा एकही निवृत्त माणूस मला दुसरा भेटला नाही. पुढचं बघायलाच तुम्ही तिथे जात होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता फुला.

पहिल्या वस्तीवर सभा मी घेतली. शासन, जबाबदारी, नुकसानभरपाई, संविधानाने दिलेला जगण्याचा हक्क. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि आजही खरा आहे. बायका ऐकता ऐकता लोकर पिंजत होत्या. एक पोर झोपलं. तुम्ही मागे बसला होतात. दुसऱ्या वस्तीवर तुम्ही फुलाला उभं केलंत. ती लाजली, पदर तोंडात धरला, आणि मग एकदम म्हणाली, "लांडगा दिसला तर तुमी त्याच्याजवळ जाऊन बगता का, दात हायत का पडल्यात?" सगळी वस्ती हसली. "मग हे लोखंड बी तसंच. दात मोजाया जाऊ नगा." झालं. दोन मिनिटं. त्यानंतर महिनाभर त्या भागात पोरं 'दात मोजू नगं' म्हणत खेळत होती.

परत येताना जीपमध्ये तुम्ही मला म्हणालात, "आता ठरलं. तुमी कागद धरायचा, वाचायचं. हात फुलाचा. आमच्यात तशीच रीत होती. फ्यूज बसवताना दोघं. एक कार्ड वाचतो, दुसरा करतो. वाचणाऱ्यानं हात लावायचा न्हाय, हात लावणाऱ्यानं वाचायचं न्हाय. आन् वाचणारा बोलल्याबिगर करणाऱ्याचं बोट हलत न्हाय."

मला यातलं एवढंच ऐकू आलं, की तू नुसतं वाच. नुसतं! एवढी वर्षं घसा फोडला, पोलीस चौकीत बसले, आईच्या शाळेतल्या बाईंनी 'मुलीला जरा आवरा' असं आईला सांगितलं ते ऐकून घेतलं. आणि मी नुसता कागद धरायचा, कारण माझ्या तोंडी 'हाय-न्हाय' नाही? कारण माझे वडील कारकून आणि माझ्या घरात कधी मेंढरू नव्हतं? तुम्ही फुलाला 'पोरी' म्हणायचा. मला 'बाई'. तेही मी मोजत होते.

त्याच आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं. पिवळा कागद, वर ठळक 'ओळखा आणि वाचा!' मध्ये फ्यूजचं चित्र, तुम्ही काढून दिलेलं, मला समजावताना. त्याला बाण, आणि बाणाखाली माझं वाक्य : 'कडी असेल तर फ्यूज बंद आहे, धोका नाही. कडी नसेल तर लांब राहा.' मला वाटलं, फुलाच्या लांडग्यापेक्षा हे किती नेमकं. शास्त्रीय. तुम्ही शिकवलेलंच तर होतं.

आणि ते मी तुम्हाला न दाखवता छापायला टाकलं.

तुम्ही नंतर विचारलंत तेव्हा मी सांगितलं, घाई झाली तात्या, प्रेसवाल्याला गावाला जायचं होतं. तुम्ही मान हलवलीत. खोटं होतं ते. प्रेसवाला कुठेच जाणार नव्हता. पत्रकाचा कच्चा कागद माझ्या पिशवीत चार दिवस होता. त्यातल्या दोन दिवशी मी तुमच्या घरी चहा प्यायले. दाखवला नाही, कारण तुम्ही पेन्सिल काढली असतीत. आणि मला एकदा तरी असा कागद हवा होता ज्यावर तुमची पेन्सिल नाही आणि फुलाचा लांडगा नाही.

बिरूमामांनी, म्हणजे फुलाच्या चुलत्यांनी, तो कागद जपून ठेवला. घडी करून, पटक्यात. मैदानाच्या कडेला त्यांना एक वस्तू सापडली. त्यांनी कागद काढला, चित्र बघितलं, वस्तू बघितली. वस्तूला तारेचा एक वेढा लोंबत होता. मामांनी ठरवलं, ही कडी. कागदात लिहिलंय, कडी असली तर धोका नाही. पोत्यात घालून घोड्यावर टाकली आणि मुक्कामावर आणली. करमाळ्यात भंगारवाल्याला देऊ म्हणून.

फुलाने तुम्हाला फोन केला, मी तुमच्या शेजारी बसले होते. "तात्या, चुलत्यानं काय तर आणलंय. त्याच्या तोंडाला फिरकी हाय. चुलता म्हणतोय, कडी हाय, कागदात भ्या न्हाय म्हणून लिवलंय." तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. तुम्ही एवढंच विचारलंत, "पोतं खाली हाय का अजून घोड्यावर?"

"खाली उतरवलंय."

"बास. आता त्येला कुणी शिवायचं न्हाय. घोडं सोड, वाघर तशीच ऱ्हाऊ दे. माणसं आन् मेंढरं घेऊन लांब जा, कालव्याच्या बांधाआड. मी येतो. पोलिसांना मी सांगतो."

आपण एसटीने निघालो. टेंभुर्णीला गाडी बदलताना तुम्ही म्हणालात, "कडी कशी असंल? मैदानात पडलेल्याला कडी नसती. कडी उडायच्या आधीच आमच्या हातात येती." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. माझं वाक्य तुमच्या दारूगोळ्याच्या खोलीत खरं होतं. माळावर ते खोटं होतं. तिथे कडी कधीच असणार नाही, आणि माणूस कडी शोधत बसणार. चार दिवस पिशवीत कागद घेऊन फिरताना हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या पेन्सिलीला ते एका नजरेत दिसलं असतं.

आपण पोचलो तेव्हा पोलीस येऊन लांबच थांबले होते. मेंढरांची वाघर, म्हणजे ती दोऱ्यांची जाळी, माळावर रिकामी उभी होती. तिच्याशेजारी पोतं, आणि आसपास चिटपाखरू नाही. फुला बांधावर उभी होती, हातात काठी, आणि बिरूमामांवर ओरडत होती, "मागं व्हा म्हणते ना! कागद गेला खड्ड्यात!" तिने सगळी मेंढरं, सगळी माणसं, आंधळी आजीसुद्धा, पलीकडे नेली होती. तुम्ही बांध चढलात, तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "शाब्बास, पोरी."

तात्या, समोर बॉम्ब होता, माझ्यामुळे तिथे आलेला. आणि त्या क्षणी मला बॉम्बची भीती वाटली नाही. मला त्या 'शाब्बास'चा राग आला. एवढी मी नीच आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

बॉम्ब निकामी करणारं पथक संध्याकाळी आलं. त्यांनी ती वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी जागच्या जागी उडवली. आवाज आला तेव्हा मेंढरं एकदम गप्प झाली. एका शिपायाला मी विचारलं, "जिवंत होता का तो?" तो वायर गुंडाळायला लागला. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. नुसतं म्हणालात, "कागद गोळा करायला पायजेत." आपण तिघं सबंध हिवाळा तेच करत फिरलो. बरेच मिळाले. सगळे नाही.

तुम्ही रागावला असतात तर मी भांडले असते. भांडता भांडता खरं बोलले असते, माझं तसंच असतं. तुम्ही 'घाई झाली' यावर विश्वास ठेवलात आणि माझी वाटच बंद केलीत. मग पाऊस आला, मेंढरं घराकडे परतली, तुम्हाला धाप लागायला लागली. दवाखान्यात मी दोनदा आले. दोन्ही वेळा फुला आधीच येऊन तुमचे पाय चेपत बसली होती. तिच्यासमोर कशी बोलणार? असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं की ती नसती तरी बोलले नसते.

दहाव्याची माणसं पांगल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, तवा आपटल्याचा हिशेब राहिला असेल. त्या म्हणाल्या, "ह्यांचा नायर म्हणून जोडीदार व्हता. ठाऊक हाय का? ह्यांची निम्मी नोकरी त्यानं वाचलं आन् ह्यांनी हात चालवला. हे त्याच्यावर लई जळायचे."

"तात्या? जळायचे?"

"व्हय की. म्हणायचे, हात कुणाचा बी चालतोय गं, माकडाला शिकवला तरी चालंल. वाचणाऱ्याचं काम अवघड. त्यो भ्यालेला पायजे. त्यो भितो म्हणून करणाऱ्याला भ्यायची गरज पडत न्हाय. ह्यांनी दोनदा अर्ज केला कार्ड वाचायला द्या म्हणून. न्हाय दिलं." त्यांनी डोळे पुसले. "तुमच्याबद्दल म्हणायचे, पत्रकबाईची अक्कल नायरची हाय. फकस्त भ्याया शिकली पायजे. एवढीच खोट."

मी ओट्याला टेकून उभी होते. तुम्ही मला तुमच्या आयुष्यात तुम्हाला न मिळालेली जागा देत होता, आणि मी तिला 'नुसतं' म्हटलं. का नाही सांगितलंत, तात्या? एक वाक्य. सगळ्यांची विशेषणं खोडत बसलात, तुमच्या स्वतःच्या वाक्यात एखादं जास्त घातलं असतं तर काय बिघडलं असतं? हा माझा राग आहे आणि तो खरा आहे. मी स्वतः जे बोलले नाही त्याच्यापुढे तो केवढासा, हेही मला दिसतं.

परवा सकाळी मी वस्तीवर गेले. सामान बाहेर काढलेलं, वाघरी गुंडाळलेल्या, घोड्याला नाल मारणं चाललेलं. दुपारी निघायचं होतं. फुला पोरीची वेणी घालत होती.

"या पत्रकबाई. भाषान का?"

"नाही. वाचायला आलेय. तू करून दाखव, मी वाचते."

ती वेणी घालायची थांबली. "तात्यावानी?"

"हो."

"मग लिवा आधी. चित्र नगं."

आम्ही तिच्या दारात बसून पाच ओळी केल्या. ती बोलली, मी लिहिलं. एका ठिकाणी मी 'तात्काळ' घातलं, ती म्हणाली, "ह्ये काय?" मी खोडलं. नंतर मी वाचून दाखवलं, तिने डोळे मिटून ऐकलं, आणि मग दोघींनी ठरवलं की झालं. त्याआधी नाही.

माणसं जमली. मी कागद उघडला, तेवढ्यात एका म्हातारीने कमरेची चंची सोडली, तंबाखू बाजूला केली आणि खालून एक पिवळी घडी काढली. "ह्ये बी तुमचंच की. कडी असली तर भ्या न्हाय, आसं हाय ह्यात. माझ्या नातवानं वाचून दाखिवलं. खरं ना?"

ती घडी, तात्या, तिच्या पोटाशी वर्षभर होती.

मी म्हटलं, "खोटं आहे ते, आजी. कडी दिसो, तार दिसो, काही दिसो. आत काय आहे ते मला माहीत नाही. बघून कुणालाच कळत नाही. तात्यांनाही कळत नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांपुढे उभं राहून 'मला माहीत नाही' म्हटलं असेल. बिरूमामा मागून म्हणाले, "म्हाईत न्हाय तर लिवलं कशाला वो? मी पोतं भरून आणलं की तुमच्या भरवशावर!"

घाई झाली, हे शब्द तयार होते. जिभेवर होते.

"तात्यांना न दाखवता लिहिलं, मामा. मुद्दाम. फुलावर जळून."

नाल मारणाऱ्याचा हातोडा थांबला. फुलाच्या हातातली काठी तशीच राहिली. मी मान खाली घातली नाही, एवढंच माझ्या हातात होतं. आणि मग ती चंचीवाली म्हातारी खो खो हसायला लागली. "अगं बया! सोलापुरात ऱ्हातीस, पंख्याखाली बसतीस, आन् जळाया तुला आमची फुला घावली व्हय? हिला तर धड चप्पल न्हाय!"

सगळ्या बायका हसल्या. फुला हसली नाही. ती माझ्यासमोर आली. म्हणाली, "मी बी जळायची. तुमी लिवलेलं तात्या खिशात घालून हिंडायचा. माझं बोललेलं कुटं ठिवलं त्यानं?" मग म्हातारीच्या हातातली पिवळी घडी घेतली आणि तीन दगडांच्या चुलीत टाकली. "वाचा आता. उन्हं चढाय लागली."

तुम्हाला सांगते, हेवा गेलेला नाही. ती काठी घेऊन पुढे गेली आणि सगळी वस्ती आपोआप तिच्याकडे वळली तेव्हा तो पुन्हा उठला, तसाच. मी काही देवमाणूस नाही. पण त्या वस्तीतली माणसं दुपारी वर निघणार होती, तिथे गवत चांगलं असणार होतं, आणि अशा किती चंच्यांत किती घड्या असतील ते मला माहीत नव्हतं. मी कागद दोन्ही हातांनी धरला.

फुलाने माळावर एक तुटका नांगराचा फाळ ठेवला होता, बॉम्बच्या जागी. ती त्याच्याकडे चालत निघाली, मागे दहा-बारा जण. मी पहिली ओळ वाचली : "थांब." ती थांबली. मागचे थांबले. एक पाय उचललेला पोरगाही तसाच थांबला.

दुसरी ओळ वाचायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. फाळ होता तो, नुसता गंजका फाळ. तरी मला वाटलं, मी चुकीचा शब्द उच्चारला तर यातलं कुणीतरी पाऊल टाकेल. कागदावरची अक्षरं मी पुन्हा एकदा पहिल्यापासून मनात वाचली, आणि मग अजून एकदा.

म्हातारी हसली नाही. फुलाने मान न वळवता, फाळावरची नजर न काढता, मला सांगितलं,

"सावकाश वाचा. आमी थांबलोय की."